टाळू दुभंगलेल्या बाळासाठी डॉक्टरांची टीम कशी जमवायची: सोलापूर जिल्ह्यातल्या आईवडिलांसाठी

आमची लेक अडीच वर्षांची झाली तरी वडिलांना ‘मामा’च म्हणायची. घरात सगळे हसायचे, ‘पोरीला आजोळचं वेड आहे’ म्हणायचे. माझा भाऊ तर भलताच खूश होता. ओठाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात आणि टाळूचं चौदाव्या महिन्यात झालं होतं. जिथं झालं तिथल्या डॉक्टरांनी टाके छान घातले, ‘आता काळजी नको’ म्हणाले आणि आम्ही काळजी सोडून दिली. कान तपासा, बोलण्याकडे लक्ष द्या, असं एका शब्दानंही कुणी सांगितलं नाही. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली, त्यातल्या मॅडमनी तिला ‘बाबा, पापड, पपई’ म्हणायला लावलं आणि चिठ्ठी दिली, तेव्हा कळलं की दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी साठलंय आणि ‘ब’ म्हणताना हवा नाकातून निसटतेय. ‘ब’साठी तोंडात हवा कोंडावी लागते. ‘म’ नाकातूनच निघतो, म्हणून तो तिला जमायचा. तिचं आजोळचं वेड म्हणजे हे होतं.

ती आता सातवीत आहे. या बारा वर्षांत जे उशिरा कळलं, ते तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळावं म्हणून हे लिहितेय. दुभंगलेला ओठ किंवा टाळू हे एका डॉक्टरचं काम नाही. सर्जन, बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलणं शिकवणारे), दातांचे डॉक्टर, ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडा सरळ करणारे), भूलतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ, समुपदेशक अशी सगळी माणसं लागतात, आणि एकमेकांशी बोलणारी लागतात. जन्मापासून वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत लागतात.

पहिला आठवडा: श्वास आणि दूध

बाळ जन्मलं की घरात ऑपरेशनचीच चर्चा सुरू होते. ऑपरेशनला महिने आहेत. आधी श्वास बघा. हनुवटी फारच लहान आणि मागे ओढलेली असेल, उताणं ठेवलं की श्वास घरघरत असेल, छातीत खड्डा पडत असेल किंवा ओठ निळसर होत असतील, तर जीभ मागे पडून वाट अडवतेय असं समजा. याला पिअर रॉबिन म्हणतात. अशा बाळाला घरी ठेवायचं नाही. १०८ ला फोन करा आणि नवजात शिशू विभाग असलेल्या दवाखान्यात न्या.

टाळूची तपासणी प्रत्येक बाळाची व्हायला हवी, ओठ अखंड असला तरीही. डॉक्टरांना टॉर्च लावून अगदी घशापर्यंत बघायला सांगा. कधी वरची कातडी जुळलेली असते आणि आतला स्नायू दुभंगलेला असतो. पडजीभ दोन टोकांची दिसली तर शंका घ्यायची. ही मुलं शाळेत जाईपर्यंत नाकात बोलत राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता दूध. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेक बाळं अंगावर पिऊ शकतात. टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढ तयारच होत नाही. बाळ स्तनाला लागलेलं दिसतं, तोंड हलवतं, थकून झोपतं आणि पोटात काही गेलेलं नसतं. आईला वाटतं दूध कमी आहे. दूध कमी नसतं. ते पिळून काढा आणि बाळाला पाजा.

पाजायला माझ्या सासूबाईंनी माळ्यावरून बोंडलं काढून दिलं. मी आधी नाक मुरडलं, पण त्या बोंडल्यानंच आमची लेक वाढली. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, मान दंडावर टेकवायची. बोंडल्याचं टोक ओठाच्या कडेला, गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं. गिळलं की पुढचं. घशात ओतायचं नाही. प्रत्येक वेळी बोंडलं उकळून घ्यायचं. वाटी-चमचाही चालतो. दाबता येणारी मऊ बाटली मिळाली तर बाळाच्या चोखण्याच्या ठेक्यावर हळू दाबायची, एकसारखी दाबून धरायची नाही. दूध नाकातून येईल. घाबरू नका, थांबा, पुसा, परत सुरू करा. या बाळांच्या पोटात हवा फार जाते, म्हणून मध्ये दोन-तीनदा ढेकर काढा. एकदाचं पाजणं अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नका. त्यापुढे बाळ जेवढं पितं तेवढं दमण्यात घालवतं.

घुटी उगाळून देऊ नका, मध चाटवू नका, आजी रागावल्या तरी चालेल. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, आणि दोन आठवड्यांपर्यंत वजन जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पहिले दोन महिने दर आठवड्याला आशाताईंकडून वजन करून घ्या आणि लिहून ठेवा. पुढचं सगळं वेळापत्रक या वजनावर उभं आहे.

ग्रहणाचं काय?

हा प्रश्न तुम्हाला पाचवी पुजायच्या आत विचारला जाईल. ‘ग्रहणात काही चिरलंस का? सुई हातात घेतली होतीस का?’ मला विचारला होता, आणि मी बाळंतपणाच्या खोलीत रडत तारखा मोजल्या होत्या. ओठ गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. विळी, सुई, सूर्य, चंद्र यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. जगभरात साधारण सातशे जन्मांमागं एका बाळाला हे होतं, ग्रहण पाळणाऱ्या घरात होतं आणि न पाळणाऱ्या घरातही होतं. कारणं अनेक आणि गुंतलेली असतात: जनुकं, आईला दिवस राहण्याआधीपासून असलेला मधुमेह, तंबाखूचा धूर, फिट्सची काही औषधं. (फिट्सची गोळी आपल्या मनानं मात्र बंद करू नका. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.)

आपल्याकडे मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्नं होतात. तसं असेल, घरात आणखी कुणाला हे असेल, बाळाच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील, किंवा हृदयाचा वगैरे दुसरा दोषही असेल, तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्या. हृदयाची तपासणी भूल देण्याआधी व्हायलाच हवी. आईवडिलांना हा दोष नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या बाळात तो असण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच असते. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायची असते. डोस डॉक्टर ठरवतील.

दार कुठलं ठोठवायचं

अंगणवाडीच्या तपासणीची गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पण बाळ नुकतं जन्मलं असेल तर गाडीची वाट बघू नका. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगून तालुक्याच्या पथकाकडे नाव नोंदवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (डीईआयसी, जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठीचं सरकारी केंद्र) चिठ्ठी मागून घ्या. ‘डीईआयसीला पाठवा’ म्हटलं की त्यांना कळतं. करमाळा-सांगोल्याकडच्या लोकांना सोलापूरची फेरी म्हणजे दिवस जातो, म्हणून आधी फोन करून डॉक्टर बसण्याचा वार विचारा.

पैशाचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सोलापूरकरांना नवी नाही. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. योजनेतल्या दवाखान्यात दारातच आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. रेशन कार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन त्यांना भेटा आणि नेमकं विचारा: हे ऑपरेशन, या दवाखान्यात, योजनेत बसतं का? चौकशीचा फोन १५५३८८. शिवाय स्माइल ट्रेनसारख्या संस्था भागीदार दवाखान्यांमार्फत ही ऑपरेशनं मोफत करून देतात. काही ठिकाणी स्पीच थेरपी आणि दातांचा खर्चही त्यात येतो, तो मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची निवड. जवळ आहे, ओळखीचं आहे, लगेच तारीख देतात, एवढ्यावर दवाखाना ठरवू नका. आम्ही तेच केलं होतं. पहिल्या भेटीत हे विचारा:

- वर्षाला अशी किती मुलं बघता?
- सगळे डॉक्टर एकाच दिवशी एकत्र बघतात का, की आम्हीच प्रत्येकाकडे फिरायचं?
- कान कोण तपासणार आणि कधी?
- स्पीच थेरपिस्ट टीममध्ये आहेत का?
- आम्ही तारखेला आलो नाही तर फोन कोण करेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तो दवाखाना धरा. एकत्र बसण्याची ही पद्धत जुनी आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला हर्बर्ट कूपर नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टनी असं केंद्र सुरू केलं, कारण नुसतं ऑपरेशन झालेली मुलं बोलण्यात आणि दातांत मागे पडताना त्यांना दिसत होती. ब्रिटनमध्ये १९९८ च्या तपासणीत निष्कर्ष निघाला की ५७ केंद्रांत विखुरलेलं काम ८ ते १५ केंद्रांत आणावं. थोडी थोडी मुलं बघणाऱ्या पुष्कळ डॉक्टरांपेक्षा पुष्कळ मुलं बघणाऱ्या थोड्या टीम बऱ्या. आपल्याला म्हणून पुण्याचा अडीचशे किलोमीटरचा प्रवास पत्करावा लागला तर मी म्हणेन, पत्करा. मोठ्या टप्प्यांसाठी टीमकडे जा, आणि वजन, लस, कान, रोजचं बोलणं यासाठी सोलापुरातले डॉक्टर धरून ठेवा. दोघांना एकमेकांचा फोन नंबर द्या.

टप्पे

ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. जुना दहाचा नियम अजून उपयोगी आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. टाळूचं साधारण नवव्या ते अठराव्या महिन्यात. बोलायला शिकण्याआधी टाळू जुळलेली हवी. ‘अशक्त आहे, मोठी होऊ दे’ म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत लांबवणारी घरं मी पाहिली आहेत. तोवर चुकीच्या उच्चारांची सवय हाडीमाशी खिळते.

काही टीम पहिल्या काही आठवड्यांत टाळूला प्लेट आणि नाकाला आधार लावून भाग जवळ आणतात. त्यासाठी दर आठवड्याला जावं लागतं. हा उपाय फायद्याचा ठरू शकतो, पण अनिवार्य नसतो. दर आठवड्याच्या फेरीनं मागावरचा किंवा विडीचा रोज बुडून घर कोलमडणार असेल तर तसं टीमला सरळ सांगा. ओठावर नुसती चिकटपट्टी ओढून लावणं घरी शिकवता येतं का, विचारा.

ऑपरेशनआधी सर्दी-ताप असेल तर लपवू नका, आणि उपाशी ठेवण्याचे तास भूलतज्ज्ञ सांगतील ते घड्याळ लावून पाळा. ‘थोडंसंच पाजलं’ हे भुलीत जिवावर बेतू शकतं. टाळूनंतर काही आठवडे भाकरी, चिवडा, शेंगदाणे बंद. भाताची पेज, पातळ खिमट, गाळलेलं वरण चालतं. बोट किंवा चमचा टाळूला लागू नये म्हणून कोपर वाकणार नाही असे पुठ्ठ्याचे आधार हाताला बांधतात, बाळ दोन दिवस रडतं, मग विसरतं. पुढे कधी जेवताना नाकातून पाणी किंवा अन्न यायला लागलं तर टाळूला भोक राहिलं असेल. टीमला दाखवा.

कान आणि बोलणं, जिथं आमचं चुकलं

टाळू वर ओढणारे स्नायूच कानाची नळीही उघडतात. ते दुभंगले की नळी नीट उघडत नाही आणि पडद्यामागं चिकट पाणी साठतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला हे कधी ना कधी होतं. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. बाळ पूर्ण बहिरंही नसतं, टाळी वाजवली की वळतं. पण बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून जन्मानंतर महिन्याभरात ऐकण्याची तपासणी, गरज वाटली तर बेरा (बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करतात ती ऐकण्याची तपासणी), आणि त्यानंतर शाळेत जाईपर्यंत दर सहा महिन्यांनी कान. ही तारीख चुकवायची नाही.

आमच्या लेकीच्या पडद्यांत ग्रॉमेट, म्हणजे बारीक नळ्या, बसवल्या तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. घरी आलो त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतले माग सुरू झाले आणि तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. जन्मल्यापासून ती त्याच घरात राहत होती.

बोलण्याकडे पहिल्या वर्षापासून लक्ष द्या. बाळ ‘बाबाबा, पापापा, दादादा’ करतं का, की फक्त ‘मामामा, नानाना’? घरी एक सोपी तपासणी करता येते: नाकाखाली थंड आरसा धरा आणि मुलाला ‘पापा, पपई, काका, टाटा’ म्हणायला लावा. आरसा धुरकटला तर हवा नाकातून जातेय. ‘मामा’ म्हणताना तो धुरकटणारच, त्यानं घाबरू नका. टाळू शिवल्यावरही बऱ्याच मुलांची हवा निसटत राहते आणि शंभरातल्या वीस-तीस मुलांना बोलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं. ते हवं की नको हे नाकातून दुर्बीण घालून, मुलाला बोलायला लावून ठरवतात. त्यासाठी मूल सांगितलेलं ऐकेल एवढं, चार-पाच वर्षांचं लागतं. हे सर्जन आणि स्पीच थेरपिस्टनी मिळून ठरवायचं असतं. टीम हवी म्हणते ती याचसाठी.

फुगे फुगवणं, पिपाणी वाजवणं, मेणबत्ती विझवणं हे व्यायाम अजून सांगितले जातात. त्यानं बोलणं सुधारत नाही. बोलणं बोलूनच सुधारतं, एकेक आवाज, मग शब्द, मग वाक्य. आमच्या थेरपिस्टनी सहा आठवडे फक्त ‘प’ घेतला. मी ओट्याजवळ उभी राहून ‘पोळी, पाणी, पापड’, ती स्टुलावर बसून ‘पोळी, पाणी, पापड’. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, चिडचिड न करता. आधी नाक चिमटीत धरून, मग सोडून. सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. मुलासाठी घरची भाषा बदलू नका. थेरपिस्टना घरातले शब्द सांगा, त्यातून यादी करता येते. सोलापुरात नियमित थेरपी जमली नाही तर व्हिडिओ कॉलवर चालते का विचारा. मुंबईतल्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी याच विषयाचे लोक आहेत.

दात, हाड आणि बाकीचं

पहिला दात आला की दातांच्या डॉक्टरांकडे. फटीजवळचे दात वाकडे किंवा कमी असतात आणि लवकर किडतात. किडके दात असतील तर पुढचं ऑपरेशन लांबतं. हे ऑपरेशन म्हणजे हिरडीतल्या फटीत कमरेच्या हाडाचा चुरा भरणं, साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, वरचा सुळा येण्याआधी. वेळ फार नेमकी असते, म्हणून सातव्या वर्षापासून ऑर्थोडॉन्टिस्टना वर्षातून एकदा दाखवा. वरचा जबडा मागे राहिला तर त्याचं ऑपरेशन वाढ थांबल्यावर.

बाळाचं डोकं वाकडं किंवा लांबुळकं असेल, डोक्यावरची मऊ टाळू फार लवकर बुजली असेल, तर कवटीचे सांधे आधीच जुळलेत का ते बघावं लागतं. तिथं न्यूरोसर्जन आणि डोळ्यांचे डॉक्टर टीममध्ये येतात आणि ऑपरेशन बहुधा पहिल्या वर्षातच होतं. कान अर्धवट तयार झालेला असेल तर कानाच्या आकाराची घाई नाही. ऐकण्याची तपासणी आणि गरज असेल तर पट्ट्यावरचं श्रवणयंत्र मात्र पहिल्या महिन्यांतच.

फाइल

आमची फाइल हिरवी, प्लास्टिकच्या पिशव्यांची, चाटी गल्लीतून आणलेली. पहिल्या पानावर मुलीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, ॲलर्जी, आणि सगळ्या डॉक्टरांची नावं. मग वजनाचा तक्ता. मग प्रत्येक ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्डावर ‘टाळूचं ऑपरेशन’ एवढंच असतं, म्हणून ऑपरेशन नेमकं कसं केलं त्या कागदाची प्रत मागून घ्या, दुसऱ्या सर्जनला तीच लागते. मग कानांचे आलेख तारखेप्रमाणे. दर वाढदिवसाला समोरून, दोन्ही बाजूंनी आणि आ करून असे फोटो, आणि दहा ठरलेली वाक्यं बोलतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये. सगळ्या कागदांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. शेवटचं पान कोरं: पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न. तिथं गेल्यावर काही आठवत नाही.

शाळा सुरू होताना बाईंना आधीच भेटा. काय झालंय, काय झालं नाही, बुद्धी पूर्ण ठीक आहे, पुढच्या बाकावर बसवा, चारचौघांत उच्चार दुरुस्त करू नका. मुलं टोपणनाव ठेवतातच. लेकीला आम्ही एक वाक्य पाठ करून दिलं होतं: ‘मी जन्मले तेव्हा माझा ओठ जुळला नव्हता, डॉक्टरांनी जुळवला.’ दुसरीत एका मुलानं विचारलं तेव्हा तिनं ते सांगितलं आणि वर ‘तुला टाके दाखवू?’ असंही विचारलं. पण सगळी मुलं तशी नसतात. घरात बोलणं कमी झालं, शाळेला पोट दुखायला लागलं, फोटोत तोंडावर हात यायला लागला, तर टीममधल्या समुपदेशकांची वेळ घ्या, ओठाच्या टाक्यांची घेता तशीच.

दहाव्या वर्षापासून आम्ही तिला टीमसमोर स्वतः बोलू देतो. मागच्या भेटीत सर्जननी ओठावरची खूण आणखी बारीक करता येईल असं सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ती फाइल मांडीवर घेऊन बसली होती. ‘आत्ता नको,’ ती म्हणाली, ‘दहावीनंतर बघू.’ डॉक्टरांनी तेच शब्द, तिचं नाव घालून, फाइलमध्ये लिहिले.